आल्या पावली परतणारा प्रकाश

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्यातला एक जण शाळेतली बैठक आटोपून सायकलवर घरी निघाला होता. सात वाजून गेले होते, त्यात रस्त्यावरचे दिवे गेलेले. रस्त्याच्या डाव्या कडेला एक मोटार उभी होती. तिच्या उजवीकडून तो पुढे निघाला, तोच चालकाने दार उघडले. सायकल दारावर आदळली आणि आमचा मित्र रस्त्यावर. मागून दुसरे वाहन येत नव्हते म्हणून मनगटावर निभावले. पण मनगट उजवे होते. सहा आठवडे फळ्यावर लिहिणे बंद!

दुसऱ्या दिवशी आम्ही ती मोटार पाहून आलो. मोटारीचे मालक सज्जन गृहस्थ होते, त्यांनाही फार वाईट वाटत होते. पण एक गोष्ट त्यांना काही केल्या समजत नव्हती. दाराच्या आतल्या अंगाला, खालच्या कोपऱ्यात, तांबडा परावर्तक बसवलेला होता. “दार उघडल्यावर मागच्याला दिसावा म्हणूनच तर तो असतो ना? मग यांना कसा दिसला नाही?” संध्याकाळी आम्ही दार उघडे ठेवून मागून बॅटरीचा झोत टाकला. परावर्तक निखाऱ्यासारखा लखलखला. बॅटरी विझवली, आणि दार पुन्हा अंधारात गडप!

परावर्तक फुटलेला नव्हता, मळलेलाही नव्हता. मग चुकले कुठे? या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही मांजराच्या डोळ्यापासून चंद्रापर्यंत जाऊन आलो. तो प्रवास तुमच्यापुढे मांडत आहोत.

बाहुली काळी का दिसते?

आरशावर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात दुसऱ्या बाजूला परावर्तित होतो, हे आपण सातवी-आठवीपासून शिकवतो. म्हणजे आरसा जरा तिरपा असला की आपण टाकलेला झोत भलतीकडेच जातो. आपल्याकडे तो परत येत नाही. पांढरी भिंत प्रकाश सगळीकडे विखुरते. त्यातला थोडा आपल्यापर्यंत पोचतो, पण लांबून तो फारच कमी पडतो. मात्र गोठ्यात बॅटरी टाकली की गाईचे डोळे चमकतात, कुंपणावरच्या मांजराचेही चमकतात. आणि गंमत म्हणजे मांजराने मान थोडी वळवली तरी चमक आपल्याच दिशेने येते. हे साध्या आरशाला जमत नाही.

या प्राण्यांच्या दृष्टिपटलाच्या मागे ‘टॅपेटम’ नावाचा एक चकाकणारा थर असतो. अंधुक प्रकाशात दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश हा थर माघारी पाठवतो आणि दृष्टिपटलाला तो टिपायची दुसरी संधी मिळते. पण प्रकाश नेमका आला त्याच वाटेने का परततो? कारण डोळ्यातले भिंग. भिंग बाहेरून आलेला प्रकाश दृष्टिपटलावर एका बिंदूत आणते. त्या बिंदूपासून मागे फिरलेला प्रकाश त्याच भिंगातून बाहेर पडताना पुन्हा मूळच्या दिशेला लागतो.

माणसाच्या डोळ्यात टॅपेटम नसते. तरीही थोडा प्रकाश आपल्या दृष्टिपटलावरूनही परततोच. मग समोरच्याची बाहुली काळीभोर का दिसते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा प्रश्न युरोपातल्या शास्त्रज्ञांपुढे होता. त्याचे नेटके उत्तर हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दिले. तेव्हा ते क्योनिग्जबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. डोळ्यांच्या चमकण्यामागचे तत्त्व विद्यार्थ्यांना कसे समजावून सांगावे, याचा विचार करताना त्यांना ते सुचले. आपल्या शिक्षकमित्रांना ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी!

डोळ्यातून परतणारा प्रकाश दिव्याकडेच परत जातो. तो पाहायचा तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा. पण तिथे डोके घातले की आपलीच सावली पडते. हेल्महोल्ट्झ यांनी काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. बाजूला ठेवलेल्या दिव्याचा प्रकाश या काचांवरून रुग्णाच्या डोळ्यात जाई आणि परतणारा प्रकाश काचांतून आरपार येऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यात शिरे. १८५१ साली त्यांनी हे साधन प्रसिद्ध केले. जिवंत माणसाचे दृष्टिपटल डॉक्टरांना पहिल्यांदा नीट पाहता आले. आजही नेत्रतज्ज्ञ याच तत्त्वावरचे साधन वापरतात. फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोत डोळे लाल येतात, तेही याचमुळे. फ्लॅश आणि कॅमेऱ्याचे भिंग अगदी शेजारी असतात.

हेल्महोल्ट्झ यांचे सूत्र लक्षात ठेवू या: परतणारा प्रकाश पाहायचा तर पाहणारा दिव्याजवळ हवा. आमच्या मित्राच्या मनगटाचे उत्तर यातच आहे. पण ते थोडे पुढे.

रस्त्यावरचे मांजरडोळे

मोटारी आल्या तसे रात्रीचे रस्ते धोक्याचे झाले. सगळ्या रस्त्यांवर दिवे लावणे कुणालाच परवडणारे नव्हते. पण दिवा तर प्रत्येक मोटारीच्या तोंडाशीच होता. तोच प्रकाश रस्त्याकडून परत मागता आला तर?

इंग्लंडमधल्या हेरफर्डशायर परगण्यातले हिशेबनीस रिचर्ड हॉलिन्स मरी यांनी १९२७ साली प्रकाश माघारी पाठवणाऱ्या भिंगाचे पेटंट घेतले. त्याचा उपयोग रात्री उजळणाऱ्या जाहिरातींच्या पाट्यांसाठी होत असे. यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावच्या पर्सी शॉ यांनी ही कल्पना रस्त्यात आणली. शॉ रस्ते आणि फरसबंदीची कामे घेत. घाटातल्या धुक्यात ट्रामच्या रुळांवर पडणाऱ्या चमकेच्या आधाराने ते गाडी हाकत. पुढे रूळ उखडले गेले आणि तो आधार गेला, असे एक हकिकत सांगते. दुसरीत कुंपणावर बसलेल्या मांजराचे डोळे चमकतात आणि गाडी दरीत जाता जाता वाचते. हकिकत कोणतीही खरी असो, १९३४ साली शॉ यांनी पेटंट घेतले आणि १९३५ मध्ये कारखाना काढला, एवढे नक्की.

त्यांच्या ‘कॅट्स आय’मध्ये काचेचे डोळे जोडीने बसवलेले असत. काचेचा पुढचा भाग भिंगासारखा फुगीर आणि मागे आरशाचा लेप. म्हणजे मांजराच्या डोळ्याचीच नक्कल! पण शॉ यांची खरी हुशारी पुढेच आहे. रस्त्यावरची काच चिखलाने माखणार, हे रस्तेवाल्या माणसाला ठाऊक होते. त्यांनी काच रबरात बसवली आणि रबर ओतीव लोखंडाच्या खोबणीत. खोबणीत पावसाचे पाणी साठे. वरून चाक गेले की काच खाली दबे आणि रबराची कड ती पुसून काढी, पापणी डोळा पुसते तशी.

सुरुवातीला या डोळ्यांना फारसे गिऱ्हाईक नव्हते. मग १९३९ साली युद्ध सुरू झाले. विमानहल्ल्याच्या भीतीने रस्त्यांवरचे दिवे बंद, मोटारींच्या दिव्यांवर झाकणे. ब्रिटनमध्ये १९४१ साली रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. त्या देशाच्या नोंदींतला हा आजवरचा सर्वांत मोठा आकडा आहे. मिणमिणत्या झोतातही उजळणाऱ्या मांजरडोळ्यांना तेव्हा एकदम मागणी आली. १९६५ साली शॉ यांना सरकारी किताब मिळाला.

मणी आणि कोपरे

प्रत्येक ठिकाणी भिंग आणि आरसा बसवण्याची गरज आहे का? नाही. काचेचा साधा मणीसुद्धा हे काम करतो. मण्याचा पुढचा अर्धा भाग भिंगाचे काम करतो, मागचा अर्धा आरशाचे. काचेचा अपवर्तनांक २ च्या जवळपास असेल तर किरण बरोबर मण्याच्या पाठीवर एकत्र येतात. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५ असतो. तिच्यात ते पाठीच्या मागे, त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर एकत्र येतात. मग परतणारा प्रकाश फाकतो, पण बराचसा येतोच. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांत रंगावर असे बारीक मणी पसरतात. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत थ्री-एम या कंपनीने मण्यांचा थर दिलेला चिकटपट्टीसारखा पापुद्रा रस्त्यावरच्या पाट्यांसाठी काढला. आपल्याकडे गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागून तांबड्या-पिवळ्या चमकत्या पट्ट्या लावतात, त्या याच कुळातल्या.

दुसरा प्रकार कोपऱ्याचा. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकमेकींना काटकोनात भेटतात. या तिन्ही पृष्ठभागांवर आरसे आहेत असे समजा. चेंडू जमिनीवर आपटला की त्याची खाली जाणारी गती वर जाणारी होते, बाकी दिशा तीच राहते. किरणाचेही तसेच. प्रत्येक आरसा किरणाच्या दिशेचा एकेक घटक उलटा करतो. (क, ख, ग) अशी दिशा असेल तर तीन आरशांनंतर ती (–क, –ख, –ग) होते. म्हणजे बरोबर उलटी! किरण कुठल्याही कोनातून येवो, तिन्ही आरशांवर आपटला की तो आल्या पावली परततो.

सायकलच्या मडगार्डवरचा जुना परावर्तक फुटला तर टाकू नका. पुढून तो गुळगुळीत असतो, पण पाठीमागे बोट फिरवा. तिथे बारीक टोकांची नक्षी हाताला लागेल. हे प्लास्टिकचे शेकडो कोपरे. त्यांना आरशाचा लेप नसतो, कारण पूर्ण आंतरिक परावर्तन होते. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक साधारण १.४९, म्हणून हवेशी त्याचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश. समोरून सरळ आलेला किरण प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ५५ अंशांनी पडतो, म्हणून तो बाहेर निसटत नाही. आता पाठ पाण्यात बुडवा. पाण्याशी क्रांतिक कोन ६३ अंशांच्या आसपास जातो आणि परावर्तक आंधळा होतो. ज्याच्या आत पाणी शिरले आहे तो परावर्तक निकामी का, हे दहावीच्या मुलांना या आकड्यांवरून काढता येईल.

कोपऱ्याची ही युक्ती चंद्रावरही पोचली आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे अशा १०० कोपऱ्यांची चौकट ठेवली. पृथ्वीवरून लेसर किरण सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. अशा मोजण्यांतूनच चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे हे कळते. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम यानावरही आठ कोपऱ्यांचा एक छोटा परावर्तक आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या एका अमेरिकी यानाने त्यावर लेसर सोडला आणि परतलेला प्रकाश टिपला. विक्रमचे काम तेव्हा कधीच थांबले होते. परावर्तकाला वीज लागत नाही!

परावर्तक की दिवा?

वीज नको, तार नको, बल्ब उडण्याची भीती नको, किंमत किरकोळ. मग सगळीकडे परावर्तकच का लावू नयेत? हा वाद प्रत्यक्षात झालेला आहे.

अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून मोटारींच्या बाजूंना पुढे पिवळे आणि मागे तांबडे दिवे किंवा परावर्तक लावणे सक्तीचे झाले. ‘किंवा’ हा शब्द दोनच वर्षे टिकला. १९७० पासून दिवे आणि परावर्तक दोन्ही आवश्यक ठरले. दिव्याचा बल्ब उडाला तर परावर्तक हवा, आणि परावर्तकावर कुणाचा प्रकाश पडत नसेल तर दिवा हवा.

सायकलींच्या बाबतीत मात्र १९७६ साली तिथे परावर्तकांवरच भर देणारे नियम आले. पुढे, मागे, पायटांवर, चाकांवर, सगळीकडे परावर्तक. जॉन फॉरेस्टर नावाच्या सायकलतज्ज्ञाने या नियमांना न्यायालयात आव्हान दिले. त्यांचे म्हणणे आपल्या सूत्राशी जुळणारे होते. आडव्या रस्त्याने येणाऱ्या मोटारीचा झोत सरळ पुढे पडतो. तो सायकलच्या परावर्तकावर पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पायी चालणाऱ्याजवळ तर दिवाच नसतो. म्हणून परावर्तक पुढच्या दिव्याची जागा घेऊ शकत नाही, आणि तो लावल्याने लोकांना उगाच निर्धास्त वाटते. १९७७ च्या निकालात नियमांतल्या काही तरतुदी गेल्या, बहुतेक टिकल्या. पण फॉरेस्टर यांचा भौतिकशास्त्राचा मुद्दा कोणत्याही निकालाने बदलणारा नव्हता.

पुन्हा त्या दाराकडे

आता आमच्या मित्राच्या अपघाताकडे येऊ. त्याच्या सायकलला दिवा नव्हता. परावर्तकाने परत काय पाठवायचे? मागून मोटार आली असती तर तिच्या चालकाला दार दिसले असते. सायकलवाल्याला आणि पायी जाणाऱ्याला, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त इजा होते त्यांना, दाराचा परावर्तक काहीच सांगत नाही.

दुसरी अडचण कोनाची. वहीच्या पुठ्ठ्याचे दार करा आणि टेबलावर फिरवून पाहा. परावर्तक दाराच्या आतल्या अंगाला आहे. दार ७० अंशांपर्यंत उघडले तर तो जवळजवळ मागे तोंड करतो. पण दार २०-३० अंशच उघडले असेल तर त्याचे तोंड मोटारीच्याच अंगाकडे असते आणि मागून येणारा प्रकाश त्यावर फार तिरपा पडतो. म्हणजे पहिल्या क्षणी, जेव्हा इशारा सर्वांत गरजेचा असतो, तेव्हाच तो मुका! दाराच्या कडेवर परावर्तक लावला तर उलट होते. सुरुवातीला तो मागे पाहतो आणि दार पूर्ण उघडले की रस्त्याच्या पलीकडे. म्हणून लावायचेच तर दोन्ही ठिकाणी लावावेत.

तिसरी गोष्ट मजेची आहे. परावर्तक अगदी निर्दोष असता तर उपयोगाचा ठरला नसता! सगळा प्रकाश मोटारीच्या दिव्यातच परत गेला असता. चालकाचा डोळा दिव्याच्या साधारण ६० सेंटिमीटर वर असतो. १०० मीटरवरून हा फरक एक तृतीयांश अंशाएवढा पडतो. परावर्तक प्रकाश थोडासा फाकवतो म्हणून तो डोळ्यापर्यंत पोचतो. १० मीटरवर मात्र हाच कोन साडेतीन अंशांच्या जवळ जातो आणि चमक ओसरते. ट्रकचालक आणखी उंच बसतो, त्यामुळे त्याला ती आणखी कमी दिसते.

यावर उपाय म्हणजे दारालाच दिवा. मोटारीच्या चौकटीत एक बटण असते. दार बंद असताना ते दबलेले असते, दार सुटले की स्प्रिंगने बाहेर येते आणि आतला दिवा लागतो. त्याच बटणावर दाराच्या कडेला मागे तोंड करून एक तांबडा दिवा लावता येतो. काही मोटारींत तो मुळातच असतो. दाराला पहिली फट पडताच तो लागतो, आणि पाहणाऱ्याकडे दिवा असो वा नसो, दिसतो. तांबडा अशासाठी की मागे तांबडा आणि पुढे पांढरा ही वाहनांची भाषा सर्वांच्या डोळ्यांत बसलेली आहे. दार उघडे राहिले तर बॅटरी उतरते, ही जुन्या बल्बच्या काळातली तक्रार एलईडीमुळे बरीच कमी झाली आहे.

पण दिवा लागला तरी सगळे सुटते असे नाही. सायकलचा वेग ताशी १८ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. दिवा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर सायकल ५ मीटर पुढे आलेली असते. दार उघडायलाही सेकंदभरच लागतो. म्हणजे दिवा लांबून येणाऱ्याला वाचवतो. दाराजवळ पोचलेल्याला फक्त आत बसलेल्या माणसाची नजर वाचवू शकते.

म्हणून ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ मध्ये एक साधी सूचना घातली गेली: जमेल तेव्हा दार पलीकडच्या हाताने उघडा. आपल्यासारखेच तिथेही चालक उजवीकडे बसतो. त्याने डाव्या हाताने उजवे दार उघडले की धड आपोआप उजवीकडे वळते आणि नजर आधी आरशाकडे, मग खांद्यावरून मागे जाते. त्याला ना तार लागते, ना प्लास्टिक. नेदरलँड्समधली पद्धत म्हणून ही ओळखली जाते.

वर्गात करण्यासारखे

वर्गातली खिडक्यांची तावदाने झाकून अंधार करा. फळ्याला एक सपाट आरसा, एक पांढरा कागद आणि एक सायकलचा परावर्तक लावा. एका मुलाला बॅटरी कपाळाशी धरायला सांगा आणि वर्गात फिरू द्या. काय केव्हा चमकते ते त्याने सांगायचे, बाकीच्यांनी आपल्याला काय दिसते ते लिहायचे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की हेल्महोल्ट्झ यांचे सूत्र मुलेच सांगतील. मग बॅटरी कपाळावरून हळूहळू हातभर लांब न्यायला सांगा. ट्रॅक्टरमागे बांधलेली सीडी आणि परावर्तक यांचीही तुलना करा. सीडी सपाट आरशासारखी वागते, जरा फिरली की तिची चमक भलतीकडे जाते.

आमच्या मित्राचे मनगट आता बरे आहे. त्याने सायकलला पुढे दिवा बसवला आहे. आता त्याला परावर्तक दिसतात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोकांना तो दिसतो. त्या मोटारीच्या मालकांनी दाराच्या कडेला छोटा तांबडा दिवा लावून घेतला. गेल्या आठवड्यात ते शाळेत आले होते. आम्ही खिडकीतून पाहत होतो. मोटार थांबली, त्यांचा डावा हात पुढे आला, मान मागे वळली, आणि मगच दार उघडले.